बाबांनाच दिसणारा दिवा

बाबांच्या गाडीतला पिवळा दिवा फक्त बाबांनाच दिसायचा. घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेला तो दिवा, वळणावर गाडीचा तोल सांभाळणारी यंत्रणा बंद पडली की लागतो. बाबा फोन करायचे, मी गॅरेजमधलं हातातलं काम टाकून धावायची, गाडी फिरवून आणायची आणि दिवा ढिम्म. स्कॅनर लावावा तर गाडीच्या मेमरीत बिघाडाची नोंदच नाही. गाड्यांच्या वायरिंगशी डोकं फोडण्यावरच माझं पोट आहे, पण घरच्या या डबड्याने माझ्या नाकी नऊ आणले होते.

"लागला होता," बाबा म्हणायचे.

"मग आता का लागत नाही?"

"तू आलीस की लपतो."

दादाने तिकडून फोनवरच निकाल दिला. बाबांना भास होतात, वय झालंय, उद्या कुणाच्या अंगावर गाडी घातली म्हणजे? चावी काढून घे. काढून घे म्हणे! हयातभर ट्रक चालवलेल्या माणसाच्या हातून चावी घ्यायची, आणि तीही मी, कारण दादासाहेब लांब राहतात. तरी त्या दुपारी मी गेले ती चावी घ्यायलाच. दादाचा राग येत होता, बाबांचाही, आणि रडूही येत होतं.

बाबा बॉनेट उघडून बॅटरीची तार काढत होते.

"हे काय करताय?"

"रोजच काढतो. गाडी उभी केली की तार काढायची, म्हणजे बॅटरी उतरत नाही."

मी कपाळावर हात मारला. "अहो बाबा, तार काढली की हिची मेमरी पुसली जाते! मग स्कॅनरला काय दिसणार, तुमचं डोंबल?"

"मला कुणी विचारलं?"

खरंच कुणी विचारलं नव्हतं. मी चडफडत तार जोडली, स्कॅनर मांडीवर घेऊन शेजारी बसले आणि म्हटलं, चालवा. गल्लीच्या तोंडाशी पोचतो न पोचतो तोच दिवा लागला. चक्क माझ्यासमोर. माझं सगळं लक्ष स्कॅनरकडे. गाडी घसरतेय का ते ओळखणाऱ्या सेन्सरला वीज पुरत नाही, असं तो सांगत होता. "बाजूला घ्या," एवढंच मी खेकसले. बाबांनी गाडी कडेला घेतली.

हा सेन्सर ड्रायव्हरच्या सीटखाली असतो. नवा बसवून मोकळं व्हावं असं क्षणभर वाटलं, पण उपाशी माणसाला आजारी ठरवून काय उपयोग? वीज कुठे अडते ते शोधायला हवं होतं. सेन्सरच्या तारेला मीटर जोडून मी बाबांच्या जागी बसले, नेहमीसारखी सीट पुढे ओढली, गाडी चालू केली. बारा व्होल्ट, पूर्ण. तारा हलवल्या, सीटला गुद्दे घातले, शिव्या घातल्या. बारा.

"ऊठ, बुटके," बाबा वैतागले. "उभं राहून माझे गुडघे गेले."

मी मीटर हातात धरून दाराशी उकिडवी बसले. बाबांनी आत बसून सीट खर्रकन मागे ढकलली. आकडा शून्यावर.

"पुढे घ्या. आता मागे. परत पुढे."

"झोपाळा आहे का हा?"

पुढे बारा, मागे शून्य. सीटखाली हात घालून तार चाचपली. वरून धडधाकट, आतून तुटलेली. सीट मागे गेली की तार ताणली जायची आणि तुटलेली टोकं सुटायची. बाबांचे पाय लांब, माझे आखूड. गाडीत बसल्याबसल्या सीट पुढे ओढून मी स्वतःच्या हाताने बिघाड झाकत होते, वर बाबांवर डाफरत होते. माझ्या हुशारीची मला किळस आली.

तुटका भाग कापून ऐसपैस नवा तुकडा जोडला. सीट मागेपुढे केली. बारा.

"झालं," मी म्हटलं.

बाबा उतरले नाहीत. स्टिअरिंगवर हात ठेवून विझलेल्या दिव्याच्या जागेकडे बघत राहिले.

"मी बोट लावून बघायचो," ते हळूच म्हणाले. "खरंच लागलाय का म्हणून. मलाच कळेनासं झालं होतं गं."

मी खिशातून फोन काढला. "दादाला आत्ता फोन लावते."

"त्याचं राहू दे. आधी तू म्हण."

"काय?"

"लागत होता म्हणून."

"लागत होता, बाबा," मी म्हटलं. "रोज लागत होता."