हात झाकणारी पट्टी

मी सखाच्या जीपमधली शोभेची पट्टी बोलतेय. दिसायला सागवान, अंगाने प्लास्टिक, पाठीला चिवट गोंद. नाशिकच्या दुकानात होते तेव्हा मला माझ्या चमकेचा केवढा तोरा होता. आता मान वर करायची लाज वाटते.

सखा पोशेरा गावचा. मोखाडा ते खोडाळा जीप चालवतो. जीप दारात आली त्या दिवशी त्याच्या आईने, बायडीने, तांदळाच्या पिठात उजवा हात बुडवून पुढच्या सीटसमोर, डॅशबोर्डवर उमटवला होता. दारावर, कणगीवर उमटवतात तसाच. त्याशिवाय नवी वस्तू घरची होत नाही, असं ती मानते. सखाने तो हात जपला होता.

मग जव्हारला फिरायला आलेल्या एका पाहुण्याने रुमालाने सीट झटकत विचारलं, हा डाग कसला. सखाला सांगता आलं असतं. तो नुसता ओशाळून हसला आणि दुसऱ्याच आठवड्यात मला आणून त्या हातावर चिकटवलं. मीही खुशाल अंग पसरलं.

बायडीने मला पाहिलं. त्यानंतर ती मागेच बसायला लागली. आरशात तिची नजर भेटली की सखा उगाच हॉर्न वाजवायचा.

यंदा तिच्या अंगावरून वारं गेलं. उजव्या हाताची मूठ वळली ती उघडेना. तिला दवाखान्यातून घरी आणायचं त्या सकाळी सखा मला काढायला बसला. गरम पाण्याचं फडकं ठेवलं, नखाने कोपरा उचलला, मासे धरायची नायलॉनची दोरी माझ्यामागून हळूहळू ओढली. मी सुटायला जिवाचं रान केलं, पण गोंद ऐकेल तर ना. चार बोटं माझ्या पाठीला चिकटून आली. मागे अंगठा तेवढा उरला. मला मागच्या सीटवर टाकून तो दवाखान्यात गेला.

येताना बायडी पुढे बसली. तिची नजर त्या अंगठ्यावर गेली.

“आये, तुझा हात मीच झाकला. लाज वाटली मला,” सखा म्हणाला.

“ठावं हाय मला,” ती म्हणाली. “आता हितं तुझा हात उमटव. पन घरी नको. मोखाड्याच्या स्टँडवर जीप उभी करून उमटव, समद्यांच्या देखत.”

घरी पोचल्यावर सखाने मला ओट्यावर टाकलं, ताटलीत पीठ कालवलं आणि जीप काढली.

मी इथे ओट्यावर पालथी पडलेय. पाठीवरची बोटं अजून शाबूत आहेत. मला हवं तर चुलीत घाला, पण पुन्हा कशावर चिकटवू नका.