चर्चचा स्कार्फ

चर्चमधली रविवारची मिसा, म्हणजे प्रार्थना, आटोपून नेल्सन घरी आला आणि बूट न काढताच त्याने बारा इंची स्टीलची पट्टी जेवणाच्या टेबलावर आपटली. ओट्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या त्याच्या मुलीला, ऑलिव्हला, तो आवाज ऐकू आला नाही, कारण तिला जन्मापासूनच ऐकू येत नाही. पण हादरा फरशीतून तळपायांना लागला आणि ती झटकन वळली. चोवीस वर्षांची, भारतीय संघातून खेळून आलेली ही मुलगी त्या हादऱ्याला अजून चार वर्षांच्या पोरीसारखी घाबरायची.

"भाषण," नेल्सन ओठ रुंद करून म्हणाला. "कागद आण. पहिल्यापासून."

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीमागे त्यांचं गावठाण आहे. नेल्सन त्याच वसाहतीतल्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होता, पट्टीही तिथलीच. संध्याकाळी पाच वाजता गावठाणातल्या क्रॉससमोरच्या मैदानात ऑलिव्हचा सत्कार होता. बधिरांच्या आशियाई व्हॉलीबॉल स्पर्धेत भारताच्या मुली चौथ्या आल्या होत्या. मैदानात बॅनर लागला होता. त्यावर पुढाऱ्याचा फोटो मोठा, ऑलिव्हचा लहान, आणि खाली नेल्सनने मुद्दाम छापून घेतलेली ओळ: 'ऐकू येत नसूनही स्पष्ट बोलणारी'.

"माझ्या पप्पांनी मला बो... बोआयला शिकवलं," ऑलिव्हने वाचलं.

"ल! जीभ वर!" पट्टी तिच्या बोटांच्या पेरांवर बसली. फार जोरात नाही, सवयीने. "पुन्हा."

ऑलिव्हची आई यव्होन फुगे, मैद्याचे गोल पाव, तळत होती. तिने मान वळवली नाही. या घरात असं झालं की मान वळवायची नाही, हे तिने वीस वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं होतं.

नेल्सन दारू पिऊन येणारा, पोरांना उपाशी ठेवणारा बाप नव्हता. तसा असता तर ही गोष्ट लिहायला सोपी गेली असती. ऑलिव्ह दोन वर्षांची असताना कुणीतरी शहाण्याने त्याला सांगितलं, हातवारे करू दिलेस तर पोर जन्मात बोलणार नाही. त्याने ते मनावर घेतलं. ओव्हरटाइम करून कानाचं मशीन आणलं, तिला मांडीवर घेऊन स्वतःच्या गळ्यावर तिची बोटं ठेवून एकेक अक्षर शिकवलं. आणि तिने काही मागायला हात पुढे केला की तो यव्होनकडून तिचा चर्चमध्ये डोक्यावर घ्यायचा निळा रेशमी स्कार्फ मागून घ्यायचा. रेशीम मऊ, म्हणजे वळ उठत नाहीत. पोरीचे हात खुर्चीच्या मागे बांधायचे, समोर पाव ठेवायचा, आणि 'पाव' असा शब्द तोंडातून येईपर्यंत थांबायचं. कधी तास लागायचा, कधी दोन.

"माकडचाळे करू नको गो," यव्होन समजावायची. "लोक बघतात. उद्या तुला कोण करून घेणार?"

भिंतीला भिंत लागून घरं. कुणाकडे आज मटणात बॉटल मसाला जास्त पडला तेही शेजाऱ्यांना कळतं, तर पोरीचं रडणं कळत नव्हतं? कळत होतं. सगळे म्हणायचे, नेल्सनने पोरीसाठी जिवाचं रान केलं.

आता त्या स्पर्धेत काय झालं ते सांगायला हवं, कारण गावठाणाला ते अर्धंच माहीत होतं.

बधिरांच्या स्पर्धेत कानाचं मशीन काढूनच मैदानात उतरावं लागतं. मग ओरडून उपयोग नसतो. प्रशिक्षक अनुपमा हिचे आईवडील बधिर, त्यामुळे खुणांची भाषा ही तिची मातृभाषाच. तिने मुलींना एक नियम घोटून घोटून शिकवला होता: दोघींच्या मधे चेंडू आला तर जी घेणार तिने आधी हात उंच करायचा, दुसरीने थांबायचं. ऑलिव्हने सरावात ते शेकडो वेळा केलं होतं. वयाच्या विसाव्या वर्षी ती खुणा शिकली, घरापासून लपवून, आणि संघातल्या मुलींशी पहिल्यांदा पोटभर बोलली.

कांस्यपदकाचा सामना. पाचवा सेट, तेरा-तेरा. चेंडू उंच उडून ऑलिव्ह आणि कप्तान संघमित्रा यांच्या बरोबर मधे येऊ लागला. अशा वेळी माणूस प्रशिक्षकाचं विसरतो आणि आईबापांनी शिकवलेलं करतो. तिचे हात मांड्यांना चिकटले. ती जिवाच्या आकांताने ओरडली, "माझा!"

मैदानातल्या बारा मुलींपैकी एकीलाही ते ऐकू गेलं नाही. संघमित्राने झेप घेतली, ऑलिव्हनेही घेतली. ऑलिव्हचं कपाळ संघमित्राच्या तोंडावर आदळलं. संघमित्राचं नाक मोडलं, पुढचा एक दात फरशीवर पडला, आणि पांढऱ्या जर्सीवरून रक्त खाली ओघळलं. तो गुण गेला, पुढचाही गेला आणि पदक गेलं.

हॉस्पिटलमध्ये तोंडाला पट्ट्या बांधलेल्या संघमित्राने हातांनी विचारलं, "ओरडलीस? कुणासाठी?"

ऑलिव्हने आपल्या पेरांवरचे जुने पांढरे व्रण तिच्यासमोर धरले. संघमित्राने ते पाहिले आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

इकडे नेल्सनने तो सामना मोबाइलवर पाहिला होता. त्यात त्याने मुलीचा आवाज ऐकला आणि तो सोफ्यावरून उठून उभाच राहिला. त्या एका शब्दाची क्लिप कापून घेऊन तो आठवडाभर जो भेटेल त्याला ऐकवत होता. "ऐक ना, 'झ' किती क्लिअर! वीस वर्षांची मेहनत आहे, बाबा."

तर त्या रविवारी सगळे जेवायला बसले. यव्होन, नेल्सन, ऑलिव्ह, ऑलिव्हचा मोठा भाऊ डेरिक आणि त्याची चार वर्षांची मुलगी व्हॅलेन्सिया. तिची आई कुवेतला नर्स आहे. व्हॅलेन्सियालाही ऐकू येत नाही. मटण तिखट होतं. पोरीने डोळे मिटून हुस्स केलं, मग आत्याकडे पाहून मुठीचा अंगठा ओठांपाशी नेला. पाणी.

ऑलिव्हने ग्लास पुढे केला. नेल्सनने तो मधेच धरला.

"हे तिला कोणी शिकवलं?"

ऑलिव्ह ताटाकडे पाहत राहिली.

"यव्होन, स्कार्फ आण."

"आज नको रे, नेल्सन. पोरगी जेवतेय."

"आण म्हटलं ना. हिच्या वेळी रडत बसलो असतो तर आज सत्कार झाला असता?"

यव्होन उठली. कपाटातून स्कार्फ घेऊन आली. नेल्सनने पोरीचे इवलेसे हात खुर्चीमागे नेले, निळ्या रेशमाची गाठ मारली आणि ग्लास तिच्यासमोर ठेवला. "पा-णी. आजोबांकडे बघ. पा-णी." व्हॅलेन्सियाचं नाक गळायला लागलं. ती खांदे वळवून हात ओढत होती आणि खुर्ची फरशीवर घसटत होती.

"पप्पा, बस ना," डेरिक म्हणाला, पण जागचा हलला नाही.

ऑलिव्ह उठली. खुर्चीमागे गुडघे टेकून तिने गाठीला हात घातला.

पहिली पट्टी आडवी बसली. ती थांबली नाही. "सोड! सोड म्हणतो!" नेल्सन ओरडला, जणू ती त्याला पाहत होती. दुसरी पट्टी धारेवर बसली आणि कातडी फाटली. रेशमावर रक्त लागल्यामुळे गाठ आणखी घट्ट झाली. हात मागे घेणं सोपं होतं. पण तिने हात काढला असता तर पट्टी पोरीच्या मनगटावर बसली असती. तिने हात तिथेच ठेवला आणि दातांनी गाठ ओढली. तिसरी, मग चौथी. चौथ्या वेळी मधलं बोट मोडल्याचा कड् असा आवाज त्या खोलीतल्या ऐकू येणाऱ्या तिघांनीही स्पष्ट ऐकला. ऑलिव्हने किंकाळी फोडली आणि पलीकडच्या घरातल्या टीव्हीचा आवाज क्षणभर बंद झाला, मग पहिल्यापेक्षा मोठा झाला.

गाठ सुटली होती. व्हॅलेन्सिया टेबलाखाली पळाली. ऑलिव्हने स्कार्फ मुठीत घेऊन जीन्सच्या खिशात कोंबला.

नेल्सनने पट्टी टेबलावर ठेवली. "मी हे कुणासाठी करतो? तुमच्यासाठीच ना?" तो म्हणाला. मग वाकड्या झालेल्या बोटाकडे पाहून त्याने नजर वळवली. "बर्फ लाव तिला. संध्याकाळी स्टेजवर हात रुमालात... काहीतरी करा. लोकांना दिसता कामा नये."

पाच वाजता मैदान भरलं. दोनशे माणसं असतील. पुढच्या रांगेत नाकावर पट्टी लावलेली संघमित्रा विक्रोळीहून येऊन बसली होती, शेजारी अनुपमा. यव्होनच्या मांडीवर व्हॅलेन्सिया. आधी पडद्यावर क्लिप लावली. लाउडस्पीकरमधून आवाज घुमला, "माझा!" आणि मैदानात टाळ्यांचा कडकडाट झाला. नेल्सनने डोळे पुसले. संघमित्राला शब्द ऐकू आला नाही. तिला एवढंच दिसलं की पडद्यावर आपण रक्तबंबाळ होऊन पडतोय आणि लोक टाळ्या वाजवताहेत. तिने खुर्चीचा हात घट्ट धरला.

ऑलिव्ह माइकपाशी आली. उजव्या हाताला मम्मीने रुमाल गुंडाळला होता. तिने कागद उघडला. "माझ्या पप्पांनी मला बोलायला शिकवलं." 'ल' अगदी स्वच्छ आला. नेल्सन उठून उभा राहिला.

मग तिने कागद घडी करून ठेवला आणि अनुपमाला वर बोलावलं. डाव्या हाताने, मधेच सुजलेल्या उजव्यानेही, ती खुणा करू लागली. अनुपमा माइकवर एकेक वाक्य बोलत गेली.

"तुम्ही आत्ता ज्यावर टाळ्या वाजवल्या, त्या शब्दाने समोर बसलेल्या माझ्या मैत्रिणीचं नाक मोडलं. मी हात वर करायला हवा होता. तो झाला नाही, कारण लहानपणी माझे हात बांधलेले असायचे." तिने खिशातून निळा स्कार्फ काढून स्टँडवर ठेवला. त्यावरचं रक्त पुढच्या रांगांना दिसलं. "आज दुपारी ह्यानेच व्हॅलेन्सियाचे हात बांधले होते. सोडवताना माझं बोट मोडलं. दोन महिन्यांनी संघाची निवड आहे, त्यात मी नसेन. ते चालेल. पण उद्या मी व्हॅलेन्सियाला खुणांच्या शाळेत नेणार. पुन्हा कुणी तिचे हात बांधले तर पोलिसांत जाईन. तिथे मी तोंडाने बोलेन. मला शिकवलंय."

"बंद कर हे माकडचाळे!" नेल्सन स्टेजवर धावला. त्याने तिचा रुमालातला हात पकडून पिरगाळला. ऑलिव्ह गुडघ्यांवर कोसळली. त्याने दुसरा हात उगारला, आणि तेवढ्यात पोरीला खुर्चीवर ठेवून धावत आलेली यव्होन मधे शिरली. थप्पड तिच्या गालावर बसली. माइक चालू होता. आवाज सगळ्या गावठाणात गेला.

"मीच आणून द्यायचे," यव्होन गाल धरून म्हणाली. "दर वेळी स्कार्फ मीच आणून दिला. आता मार मला."

नेल्सनचा हात खाली आला. डेरिकने येऊन त्याला खांद्याला धरलं. यायला त्याने फार उशीर केला, पण आला.

यव्होन खाली उतरली. व्हॅलेन्सियासमोर मातीत बसली आणि ओठ रुंद करून विचारलं, "पाणी. कसं करायचं? आजीला दाखव ना गो."

व्हॅलेन्सियाने आजीकडे पाहिलं, मग स्टेजवर उभ्या आजोबांकडे. आणि कुणी न सांगता तिने आपले दोन्ही हात आपणच पाठीमागे नेले आणि मनगटावर मनगट ठेवलं.

वीस वर्षं भिंतीपलीकडून जे ऐकलं, ते आज मैदानातले सगळे डोळ्यांनी पाहत होते.

ऑलिव्ह उतरून आली, आईशेजारी मातीत बसली. मोडक्या बोटाचा हात उचलून तिने अंगठा ओठांपाशी नेला. पाणी. पोरगी हलली नाही. ऑलिव्हने पुन्हा मागितलं, पुन्हा. यव्होनही तिच्याबरोबर मागू लागली, तिची मूठ उलटी होत होती. बऱ्याच वेळाने व्हॅलेन्सियाचा एक हात पुढे आला आणि तिने आजीची मूठ सरळ केली.

दुसरा हात मात्र तिने पाठीमागेच ठेवला होता. तो पुढे यायला किती दिवस लागतील, ते एकट्या ऑलिव्हच्या हातात नाही. ते त्या मैदानातल्या दोनशे जणांवर आहे, आणि भिंतीपलीकडचं रडणं ऐकून टीव्हीचा आवाज वाढवणाऱ्या आपल्या प्रत्येकावर.