जगदेवचा मैतर

चैताच्या उन्हात पायाखालची माती चटके देऊन राह्यली व्हती, अन् जगदेव अन् त्याची तुळसाबाई नानाजी पाटलाच्या वावरात पऱ्हाटीची धसकटं उपटून राह्यले व्हते. मी धुऱ्यावरून हाक मारली, "काहून मरता बाप्पा? हे वावर पाटील यंदा तुमाले बटईनं देनार हाय का?"

"रामधननं जबान देल्ली ना काकू," जगदेव म्हणे. "अखाजीले नव्या सालाच्या बटईची पानसुपारी आपल्यालेच."

मले काही त्या जबानीचा भरोसा नोहता.

त्याचं असं झालं. मागच्या पोळ्याले तोरनाखाली झडत्या, थे टोमन्याचे गाने, म्हनताना जगदेवनं इलेक्शनच्या दोन्ही पार्ट्याईचे नाव पाडले. पांढऱ्या टोपीवाले ते बगळे. त्यात जगदेव सोता, अन् त्याचा लंगोटीमैतर रामधन. अन् तुर्रा सोडून पागोटं बांधनारे, पाटलाच्या पार्टीचे, ते कोंबडे! गाव हसून हसून लोळलं. दुसऱ्या दिवसापासून पाटील वाटेनं निघाला का कुडामागून पोट्टे आरवत. पाटलानं चावडीत इचारलं, "कोंबडा कोन म्हने मले?" जगदेव उभा राह्यला. "मी म्हटलं."

खोटं! ते नाव रामधननं काढलं व्हतं, माह्याच ओसरीवर, शेंगा फोडता फोडता. मी अन् तुळसा तिथंच व्हतो. जगदेवनं फक्त ते गळा काढून म्हटलं. पन मैतराचं नाव कसं सांगाव? पाटील म्हने, "माहं बटईचं वावर अखाजीले सोडाचं."

मंग इलेक्शन झालं. बगळे निवडून आले. अन् आठ दिवसांत पाटलानं पागोटं खुंटीले टांगलं अन् पांढरी टोपी घातली! रामधन गावच्या पार्टीचा सेक्रेटरी, त्यानंच ती पाटलाच्या डोक्यावर ठेवली. जगदेवले म्हने, "आता पाटील आपलाच मानूस हाय. वावर तुलेच. तू धसकटं काढाले लाग." हा येडा लागला ना कामाले. नवराबायकोच्या हाताचे सालटे निंघाले.

अखाजीले पाटलाच्या ओसरीवर सारं गाव बसलं. जगदेव धुतलेलं धोतर नेसून पुढं. पाटलानं पानसुपारीचं ताट उचललं अन् रामधनच्या हातात देलं.

"ज्यानं मले कोंबडा म्हटलं त्याले मी वावर देऊ?" पाटील म्हने. "रामधन, तू वाह्य."

रामधननं ताट घेतलं. वर पाह्यलं नाई.

तुळसानं नवऱ्याले ढोसलं. "सांगा ना, कोनाचं नाव व्हतं थे!"

सारं गाव वाट पाहून राह्यलं का आता हा रामधनचं काहीतरी नाव पाडते, अन् आपन हसतो. पन तो नुसता उठला.

वाटेत मी म्हटलं, "जनमभर साऱ्याईले नाव पाडले, अन् आज तोंडाले कुलूप?"

"त्याले काय म्हनू काकू?" त्याचे डोळे भरून आले. "मैतर व्हता तो माहा."

तो गप्प राह्यला, पन मी काही गप्प राहनारी बाई नोहो. दुसऱ्या दिवशी इहिरीवर साऱ्या बायाईले शेंगा फोडल्यापासूनचं सांगतलं. दुपारलोक घरोघरी झालं.

आता आमच्या गावात बगळा कोनी म्हनत नाई, कोंबडाबी नाई. टोपी घालून कोनी मान खाली घालून निघालं का पोट्टे कुडामागून ओरडतात, "मैतर आला रे, मैतर!"

रामधन आजकाल वावरात लांबच्या वाटेनं जाते. पीक मातर जोरात हाय. धसकटं साफ निंघाली व्हती ना.