गच्चीवरची सरकारी बरणी

मी बोलतेय, गच्चीवरची बरणी. काचेची, रुंद तोंडाची, बिनझाकणाची. झाकण होतं, पण ते कामाच्या आड येतं म्हणून पहिल्याच दिवशी काढून घेतलं. माझं काम काय, तर तोंड उघडं ठेवून बसायचं आणि वरून पडेल ते मुकाट्यानं पोटात घ्यायचं. अशी नोकरी तुमच्यापैकीही कुणी केली असेल.

आम्ही चाळीस बहिणी एकाच दिवशी भट्टीतून निघालो. बाकीच्या दुकानांत गेल्या, गोळ्या-बिस्किटं पोटात घेऊन ऐटीत बसल्या. मला प्रदूषण खात्यानं उचललं. अंगावर एक आकडा चिकटवला आणि या वस्तीतल्या एका घराच्या गच्चीवर तारेच्या कड्यात बसवलं. दोन गल्ल्या पलीकडे धातू वितळवायचा कारखाना आहे. त्याचं धुराडं मला बसल्या जागेवरून दिसतं, म्हणजे दुसरं काही दिसतच नाही.

मला बसवायला आलेल्या माणसाला सगळे नमुनेवाले म्हणायचे. महिन्याच्या एक तारखेला ते यायचे, माझ्यात थोडं पाणी ओतून तळाची धूळ ब्रशानं सोडवायचे आणि बाटलीत भरून न्यायचे. तिकडे ती वाळवून तोलायची. वर्षभराच्या वजनावरून ठरणार होतं, ही वस्ती बाधितांच्या यादीत जाणार की नाही. यादीत गेली तर धुराड्याला गाळणी बसवायचा हुकूम निघणार होता आणि वस्तीत दवाखाना येणार होता.

यातलं वस्तीला कुणी काही सांगितलं नाही. सांगायचंच नाही असा खात्याचा नियम होता. कळलं तर लोक मुद्दाम माती आणून टाकतील, अशी वरच्या साहेबांना भीती. नमुनेवाले नियमाचे पक्के. जाताना घरच्या बाईंना एवढंच म्हणाले, "मावशी, सरकारी वस्तू आहे. नीट सांभाळा, खराब होऊ देऊ नका."

तिथेच घात झाला.

या मावशींनी पंचवीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुतल्या होत्या. रक्ताचे डाग, औषधांचे डाग, त्यांच्या हातून काही सुटलं नाही. निवृत्त झाल्या तरी हात स्वस्थ बसेनात. धुराड्याची राखाडी धूळ दिवसातून तीनदा खिडकीच्या कट्ट्यावर बसायची आणि मावशी तिला तीनदा पुसायच्या. रविवारी गच्ची धुवायच्या. मग सरकारी पाहुणी तेवढी कळकट कशी राहील? पहिल्याच रविवारी त्यांनी मला कड्यातून काढलं, साबण लावला, आतून-बाहेरून घासलं, उन्हात वाळवून पुन्हा जागेवर ठेवलं. मी अशी काही लखलखले की दुकानातल्या बहिणींनी मान खाली घातली असती.

खरं सांगते, मला बरं वाटलं. पाठीवरून असा मायेचा हात कुणाला नको असतो? काय होतंय ते मला कळत होतं आणि तरी बरं वाटलं, याची लाज अजून जात नाही.

नमुनेवाल्यांच्या वाट्याला दर खेपेला चार-सहा दिवसांचीच धूळ यायची. एकदा ते म्हणाले, "मावशी, तुमच्याकडे धूळ कमीच दिसते हो."

मावशींचा चेहरा फुलला. "आमच्या घरात धूळ दिसायची नाही, भाऊ. कधीही या."

ते हसले आणि वहीत आकडा लिहून गेले. लोक माती टाकतील अशी भीती सगळ्यांना होती. कुणी काढून टाकेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मावशींची एक नात आहे, लेकीची लेक, नऊ वर्षांची. तिला वाफारा घ्यावा लागतो, छातीतून सारखी घरघर येते. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई मावशींना म्हणाल्या होत्या, "औषध मी देईन, पण पुन्हा त्याच हवेत नेणार असाल तर त्याचा किती उपयोग?" अंगणातून गच्चीवर यायला बारा लोखंडी पायऱ्या आहेत. मी आले तेव्हा ही पोर बाराच्या बारा धडाधड चढायची आणि माझ्या तोंडाशी ओणवून आत "हूऽऽ" करायची. माझ्या पोटात तो आवाज घुमायचा. मग सातव्या पायरीवर थांबायला लागली. मी गच्चीवर बसल्या बसल्या धूळ मोजायचे, तशा तिच्या पायऱ्याही मोजायचे.

वर्ष संपलं तेव्हा शाळेच्या पटांगणात सभा झाली. नमुनेवाल्यांनी मला सोबत नेऊन टेबलावर ठेवलं. साहेबांनी यादी वाचली. नाल्यापलीकडची वस्ती यादीत होती, आमची नव्हती.

साहेब म्हणाले, "आपल्या वस्तीतली धूळ मर्यादेत आढळली आहे. ही आनंदाचीच गोष्ट समजा."

मावशी उठून उभ्या राहिल्या. "मर्यादेत? साहेब, दिवसातून तीनदा पुसते मी. तुमची ही बरणीसुद्धा दर रविवारी साबणानं घासते, म्हणून अशी दिसतेय."

नमुनेवाल्यांच्या हातातला कागद खाली गेला. मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्यांना कळलं. त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं का नाही, भाऊ?"

नमुनेवाले म्हणाले, "सांगायचं नव्हतं, मावशी."

साहेबांनी घसा साफ केला. झालेली मोजणी आता ग्राह्य धरता येणार नाही, अर्ज द्या, पुन्हा बारा महिने मोजू, असं सांगून ते पुढच्या वस्तीकडे गेले.

वस्तीनं अर्ज दिला, मी पुन्हा गच्चीवरच्या कड्यात बसले आणि तेव्हापासून हे घर धुळीची वाट पाहतंय. ज्या धुळीनं पोरीची छाती भरली, ती माझ्यात भरपूर पडावी म्हणून! मधे आठवडाभर वारा उलटा वाहिला. नात जरा मोकळा श्वास घ्यायला लागली आणि मावशी माझा रिकामा तळ बघून कासावीस झाल्या. गल्लीतल्या बायका आता एकमेकींना विचारतात, "किती पडली गं?" तिकडे कारखान्यानं दुसरं धुराडं उभं केलं. यादीत नसलेल्या वस्तीजवळ त्याला मनाई नव्हती.

आज रविवार. मावशी सवयीनं फडकं घेऊन वर आल्या. गच्ची पुसली, कठडा पुसला. माझ्यापाशी आल्यावर हात पुढे झाला आणि तसाच थांबला. त्यांनी फडकं पदराखाली लपवलं, जणू ते मला दिसू नये.

खालून पावलं वाजली. एक, दोन, तीन. मग घरघर.

"आजी, भरली का गं?"

"भरतेय बाळा. तू नको चढूस. मीच खाली येते."

माझा आकडा ज्यांच्या टेबलावर जाईल त्यांना सांगते, या खेपेला मोजणीत चूक होणार नाही. मला कुणी धूत नाही, माझी काच इतकी माखली आहे की धुराडंसुद्धा धड दिसत नाही. पण एक तारखेला याल तेव्हा गच्चीवर येण्याआधी अंगणात जरा थांबा आणि त्या पोरीला पायऱ्या चढून दाखवायला सांगा. तेही वहीत लिहा. मोजणी संपायला अजून चार महिने आहेत. मागच्या महिन्यात ती पाच चढत होती.