वाइंडिंग नसलेली मोटर

"तारेला एक वेढा नाही, आणि म्हणे मोटर!" जळक्या मोटरींत नवी तार भरणाऱ्या वाइंडरने कप बशीत आपटला. "साडूबुवा, ही फिरली तर पोरगी तुमची. घेऊन जा खुशाल."

बोलणे थट्टेचे होते. निदान सूर तरी थट्टेचा होता. टेबलाभोवती मात्र कुणी हसले नाही, कारण पोरगी घेऊन जायची की नाही हाच त्या दुपारचा विषय होता. वाइंडरची मेहुणी आणि तिचा नवरा, पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक, यांना मूल नव्हते. त्यांचे घर कॉलेजच्या फाटकासमोर होते. वाइंडरच्या ठकीची शाळा नुकतीच संपली होती. "आमच्याकडे राहील, शिकेल, सुट्टीत येईल," असे मेहुणी म्हणाली होती, आणि ठकीच्या आईने पदराआड मान डोलावली होती. वाइंडरचा विरोध शिक्षणाला नव्हता, साडूला होता. पण असा विरोध उघडा हिंडत नसतो. तो 'मुलीचं वय', 'परकं घर', 'जग कसं आहे' असली भारदस्त वस्त्रे नेसूनच बाहेर पडतो.

"बाबा, बघा तर खरं," ठकी म्हणाली.

तिने नाण्याएवढा चकचकीत लोहचुंबक टेबलावर ठेवला होता आणि त्यावर पेन्सिल-सेल उभा केला होता. आता ती तांब्याची उघडी तार वाकवत होती: मधला बाक सेलच्या डोक्यावर टेकेल आणि दोन्ही टोके खाली चुंबकाच्या कडेला जेमतेम शिवतील अशी. तार दोनदा घसरली. प्राध्यापक हात पाठीमागे बांधून नुसता उभा होता. वाइंडरला राहवेना.

"दे इकडे. बोटात घुसवून घेशील."

"घुसू दे ना, दादा," प्राध्यापक हळूच म्हणाला. "तिलाच करू दे."

तिसऱ्या वेळी तार बसली, क्षणभर थरथरली आणि गरगर फिरू लागली. ठकीने टाळी वाजवली. मेहुणीने वाजवली. बायकोनेही वाजवली, आणि नवऱ्याकडे लक्ष जाताच हात पदराला पुसले.

वाइंडरचा सारा जन्म जळालेल्या मोटरी उघडण्यात गेला होता. पंप, पंखे, मिक्सर; काळी पडलेली तार उपसायची, नवी भरायची, वेढ्यावर वेढा. मोटर म्हणजे कॉइल, हा त्याचा एकमेव धर्म. आणि आता त्याच्याच टेबलावर, त्याच्याच मुलीच्या हातून, एक पाखंडी तार बेधडक नाचत होती.

"फिरते म्हणजे काय, भोवराही फिरतो," तो म्हणाला. "हिला पंप जोडा. पाणी चढवून दाखवा गच्चीवर."

"बरोबर आहे दादांचं," प्राध्यापक म्हणाला. "कामाची नाहीच ही. सेलही तापतो, लगेच संपतो. ही फक्त समजून घेण्यापुरती."

विरोधकाने वाद घालावा, भांडावे, हरावे किंवा जिंकावे. त्याने मान्य करू नये. मान्य करणाऱ्याला मारायचे तरी कुठे?

"मग काका, तारेला ढकलतं कोण?" ठकीने विचारले. वाइंडरने तो सूर ऐकला. मत्सर हा विकारांमधला सर्वांत अभ्यासू विकार; तो प्रतिस्पर्ध्याच्या बारीकसारीक गोष्टी अशा पाठ करतो, की प्रेमाला तेवढी सवड कधी मिळत नाही. साडूच्या घरात ठकी दुसऱ्यांदा वाढून घेते, काकांच्या विनोदावर आधीच हसते, प्रश्न विचारताना पुढे झुकते: सारे त्याला मुखोद्गत होते. त्याला ती प्रश्न विचारी तो एकच. "बाबा, जेवायला वाढू?"

निघताना मेहुणीने भाचीची हनुवटी धरली. "मग काय ठरलं आमच्या ठकूबाईंचं?"

"पुढच्या रविवारी सांगते, मावशी."

पाहुणे गेल्यावर बायकोने कपबशा उचलल्या. "अहो, एक सांगू? जळक्या मोटरी दुकानातच ठेवत जा. घरात वास मारतो."

"मी कुठे जळतोय?"

"मी मोटरीचं म्हणाले."

दुसऱ्या दिवशी वाइंडरने बाजारातून तसलाच चुंबक आणला, दुकानातला पंप बाजूला सारला आणि कामाला बसला. साडूने शिकवलेल्या त्या तारेला ना रूप ना तोल. ती फिरली हा निव्वळ योगायोग, असे त्याने मनाशी ठरवून टाकले होते. आपण अशी करू, की साडूच्या घरातली शोभेची काचेची कपाटे लाजतील. त्याने रिळावरची उत्तम तार निवडली. तिच्यावरचा लाखी थर जिथे स्पर्श होणार तिथे पात्याने खरवडला, कारण तेवढे त्याला कळत होते. मग पकडीने तिचे फुलपाखरू केले: डावा पंख उजव्याच्या हुबेहूब, पोटाशी नाजूक कमान.

पंपाचा मालक दारात उभा राहिला. "झाला का हो?"

"उद्या."

"परवाही उद्याच होता. माझी झाडं वाळली. आणि हे काय, फुलपाखरू? बरंय तुमचं! आमच्या बागेत आता तेवढंच यायचं राहिलंय."

वाइंडरने सेल चुंबकावर उभा केला. त्याने फुलपाखरू सेलवर ठेवले, आणि ते फिरले. किती सुरेख फिरले! पंखांचा आकार पुसून हवेत नुसती तांबूस घागर तरंगत राहिली. पंपवाला वाकून पाहू लागला. माणसाने इथेच थांबावे. पण मत्सराला जिंकून भागत नाही, त्याला समोरच्याला तोंडघशी पडलेलेही पाहायचे असते. वाइंडरने फुलपाखरू उचलले आणि हयातभर प्रत्येक तयार कामाला जे केले तेच त्यालाही केले: व्हार्निशमध्ये बुडवले आणि भट्टीत वाळवले. उघडे काम दुकानाबाहेर धाडणे त्याच्या लेखी बेअब्रूचे होते. बाहेर आले तेव्हा ते मधासारखे चमकत होते. पुन्हा फिरवून पाहण्याची त्याला गरज वाटली नाही. फिरताना त्याने पाहिलेच होते.

रविवारी चहा व्हायच्या आत त्याने ते टेबलावर मांडले.

"अगं बाई, भाऊजी!" मेहुणीने हात गालावर नेला. "किती सुंदर! हे तुम्ही केलंत?"

"मग काय बाजारातून आणलं?" वाइंडर म्हणाला आणि साडूकडे पाहत राहिला. प्राध्यापक खाली वाकला. त्याच्या चेहऱ्यावर कौतुक होते, अगदी खरे, आणि वाइंडरने ते चवीने पाहून घेतले. मग त्याने फुलपाखरू सेलवर टेकवले.

ते हलले नाही.

त्याने पंख सरळ केले. सेल बदलला. बोटाने हलकेच ढकलले. ढकलले तेवढे सरकले आणि थांबले. आणि त्या क्षणी त्याला कळले. व्हार्निश कशासाठी लावतात? विजेने नको तिथे शिवू नये म्हणून. जन्मभर त्याने विजेला अडवण्याचेच काम इमानाने केले होते, आणि या एका यंत्राला उघडा स्पर्श सोडून दुसरे काही लागत नव्हते.

प्राध्यापकालाही कळले. डोळ्यांवरून दिसले. "सेल उतरलेला असेल," तो म्हणाला. "हल्ली नवेही तसेच निघतात."

"हो ना," मेहुणी घाईने म्हणाली.

ठकीने फुलपाखरू नाकाशी नेले. "बाबा, व्हार्निशचा वास येतोय." बोलून झाल्यावर तिने वडिलांकडे पाहिले, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आले ते वाइंडरला साडूच्या चेहऱ्यावर नुकतेच दिसले होते. तोच, सेलला दोष देतानाचा मऊपणा. तिने फुलपाखरू जपून खाली ठेवले.

"मावशी," ती म्हणाली, "मी नाही येत. इथल्याच कॉलेजात जाईन."

वाइंडरने बोलायला हवे होते. पण आठवडाभर जे हवे होते ते समोर येऊन पडले होते, आणि हात पुढे करायलाही नको होता, नुसते गप्प राहायचे होते. तो गप्प राहिला. चहा झाला. गप्पा पंपांच्या, पावसाच्या, कुणाच्या तरी गुडघ्याच्या. पाहुणे उठले, चपला घालून जिना उतरू लागले. ठकी बशा विसळायला आत गेली. नळ फार जोरात सोडला होता.

तो अनवाणीच खाली धावला. साडू स्कूटर रस्त्यावर घेत होता, मेहुणी फाटकाशी उभी होती.

"ती येईल," वाइंडर म्हणाला.

"अहो, पण ती तर…"

"तिने माझी कीव केली. कीव करून कुणी घरी राहू नये." त्याने श्वास घेतला. "कॉलेज सुरू व्हायच्या आधी मी आणून सोडतो. ऐक, ती झोपेत पांघरूण फेकते."

"माहितीये, भाऊजी. सुट्टीत यायची ना आमच्याकडे."

"दूध घेत नाही. साय असली तर…"

"गाळून देते मी."

"अंधाराला भिते, पण सांगत नाही."

"बोळातला दिवा चालू ठेवतो आम्ही."

वाइंडरने फाटकाची कडी धरली. काहीतरी असेल. एवढ्या वर्षांत आपल्यापाशी काहीतरी साठले असेल, जे त्या घरात पोचले नाही. मग ते त्याला सापडले, आणि सापडताच द्यावेसे वाटेना. साडूने स्कूटर सुरू केली.

"ती कधी लाल डोळ्यांनी म्हणाली ना, मला सर्दी झालीय," वाइंडर म्हणाला, "तर औषध देऊ नकोस. नुसती शेजारी बसून राहा. विचारायचं काही नाही."

मेहुणी त्याच्याकडे पाहत राहिली. हे तिला माहीत नव्हते.

"विचारायचं काही नाही," ती हळू पुटपुटली, नव्या जागेचा पत्ता पाठ करावा तशी, आणि स्कूटरवर बसली.

स्कूटर वळणाआड गेल्यावर वाइंडरने फाटकाची कडी लावली. मग अनवाणी पाय पायपुसण्यावर नीट, एकेक करून पुसले आणि तो जिना चढू लागला.