घोडेगाव ते मंचर, आठ दिवस

मी निरगुडसरचा गोरख. २००६ साली पुण्यात पीएचडी करत होतो, तिसरं वर्ष. विषय सांगितला की घरचेसुद्धा जांभया द्यायचे. पण सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, तेव्हा ऐका.

काचेच्या तारेतून प्रकाशाचा एकेक कण सोडायचा. सोडताना तो सरळ धरायचा की तिरका, हे ज्यानं त्यानं मनानं ठरवायचं. पलीकडच्या माणसानं तो सरळ मोजायचा की तिरका, हेही आपल्याच मनानं. मागाहून दोघांनी फोनवर ताळा करायचा, जुळले ते कण ठेवायचे, बाकीचे टाकून द्यायचे. उरलेल्यातून दोघांपुरती गुप्त किल्ली बनते. मधे कुणी चोरून पाहिलं तर कण बिघडतात आणि चोरी कळते. जुळतं मात्र निम्म्याच वेळा. आमचे आबा हे ऐकून म्हणाले, "निम्मं फेकायला एवढा शिकलास व्हय? आरं, तेवढं आमी न शिकता फेकतो."

पलीकडचं टोक हर्षाली सांभाळायची, पिंपळवंडीची. माझ्याच बरोबरीची आणि माझ्यापेक्षा हुशार. हे तेव्हा मी मेलो तरी कबूल केलं नसतं. आदल्या वर्षी समितीनं तिचं काम नापास केलं होतं. आता एकच संधी होती: सोमवारच्या बैठकीत निकाल दाखवायचा, नाहीतर पीएचडी बंद. त्याच बैठकीत माझीही तपासणी होती, पण माझा एक पेपर छापून आला होता, त्यामुळे मला तेवढा घोर नव्हता.

आमच्या गाइड सरांनी टेलिफोनवाल्यांच्या हातापाया पडून घोडेगाव ते मंचर एक रिकामी तार मिळवली. आठच दिवस. मी घोडेगावला तहसीलमागच्या खोलीत, ती मंचरला. लाखो वेळा मनानं कोण ठरवणार? ते काम कॉम्प्युटरचं. सुरुवातीला एक आकडा दिला की तो त्यावरून 'सरळ, तिरका'ची लांबलचक यादी काढतो. दोन्हीकडचा आकडा मात्र वेगळा हवा.

पहिल्याच दिवशी हर्षालीचा कॉम्प्युटर बसला. मी म्हटलं, थांब, घाबरू नकोस. माझ्या मशीनची अख्खी कॉपी काढली, एसटीनं मंचरला गेलो आणि तिच्या मशीनवर टाकून आलो. लई शहाणा ना मी!

शुक्रवारी तार परत करायची होती. त्या दुपारी हिशेब निघाला: किल्ली लांबच लांब, चुका शंभरात जेमतेम तीन. हर्षाली फोनवर ओरडली, "जमलं राव!" मी खाली जाऊन पेढे आणले आणि एकट्यानं चार खाल्ले.

शनिवारी आकडे उतरवून घेताना टाकलेल्या कणांचा रकाना दिसला. शून्य. निम्मे पडायला हवे होते, एकही पडला नव्हता. माझ्या मशीनबरोबर तो सुरुवातीचा आकडासुद्धा मंचरला गेला होता. दोन्ही मशीनं आठ दिवस एकच यादी वाचत होती. तो एक आकडा ज्याला कळेल, त्याला कण न बिघडवता सगळी किल्ली वाचता येईल. गुप्त कसलं डोंबल! आणि तार तर हातची गेलेली.

गप्प बसलो असतो तरी खपलं असतं, तो रकाना समितीपुढं जातच नाही. पण राहवेना. रविवारी सकाळी हर्षालीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती मग म्हणाली, "खोटा निकाल मी दाखवणार नाही."

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "मी उभा राहून सांगतो समितीला. तू बघच."

सोमवारी तिनं उभं राहून आहे ते सांगितलं. किल्ली निरुपयोगी आहे, याद्या एकच होत्या. समितीतले एक वयस्कर सर म्हणाले, "तारेवरचं काम चोख दिसतंय. मशीन यांनी लावलं नसेल, तर सहा महिने द्यायला माझी हरकत नाही. कुणी लावलं होतं?"

हर्षालीनं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्या मागच्याच रांगेत होतो. माझी तपासणी तिच्यानंतर होती. आता उठलो तर माझाही बोऱ्या वाजणार, एवढंच डोक्यात आलं. मी फाइलीचा बंद सोडला आणि पुन्हा बांधला.

ती मग त्या सरांकडं वळून म्हणाली, "मशीन माझ्या ताब्यात होतं, सर. मी तपासायला हवं होतं."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. चोर खुर्चीत बसून बघत होता. पीएचडीतून तिचं नाव कमी झालं. माझी तपासणी वीस मिनिटांत पार पडली, शिष्यवृत्ती वाढली. लाज वाटली का? वाटली. अजून वाटते. पण लाज वाटून उठलो मात्र नाही.

बाहेर ती जिन्यात पिशवी भरत होती. मी जवळ जाऊन उभा राहिलो. तिनं वर पाहिलं.

"काल फोनवर तर लई बोलत व्हतास," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.