जांभळ्या दोऱ्याचा कोंबडा

मित्रांनो, मी एक म्हातारा कोंबडा आहे. कोंबड्याने म्हातारे व्हावे ही गोष्टच दुर्मीळ, म्हणून माझे थोडे ऐका. आमच्या कुळाला एक मान आहे. प्रभूला धरून नेले त्या रात्री त्याच्या एका शिष्याने "मी याला ओळखत नाही" असे तीनदा सांगितले, आणि तिसऱ्या नकारासरशी आमचा एक पूर्वज आरवला. तेव्हापासून माणसांचे खोटे आम्हाला लवकर कळते. माणसे मात्र सुधारल्याचे दिसत नाही.

माझा जन्म सिरोंच्याजवळच्या एका गावात ठमाबाईच्या झोपडीत झाला. मला पंख फुटू लागले तेव्हा तिने माझ्या पायात सैलसर जांभळा दोरा बांधला आणि म्हणाली, "हा वेगळा. हा देवाचा." आमच्या मंडळीत, म्हणजे गावच्या ख्रिस्ती समाजात, हंगामाच्या सणाला प्रत्येक घर काहीतरी वाहते. कोणी नवे धान, कोणी भोपळा, कोणी अंडी. उपासनेनंतर त्या वस्तूंचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात.

पावसाळ्यात ठमाबाई तापाने फणफणली. शेजारची गोकुळा तिला म्हणाली, "बाई, काऊन जीव जाळतेस? काप ना त्या कोंबड्याले अन् रस्सा पी."

"वेगळा काढला म्हंजे काढला," ठमाबाई कण्हत म्हणाली. "देवाच्या ताटातला घास मी खाऊ काय?"

ती पेजेवर बरी झाली.

सणाच्या दिवशी पाळकांनी सांगितले, "पवित्र म्हणजे देवासाठी वेगळे काढलेले. तुम्हा प्रत्येकाला तसे जगण्याचे बोलावणे आहे." सर्वांत मोठे 'आमेन' खुशालचे होते. खुशाल हा मंडळीचा वडील, म्हणजे कारभारी पंच. पहिला बाक त्याचा, इस्त्रीचा पांढरा सदरा त्याचा, आणि लिलावात माझ्यावर लागलेली शेवटची बोलीही त्याचीच. ती त्याने अशा आवाजात लावली की जणू देव जरा कानाने कमी असावा.

कढईत जाण्याची माझी तयारी होती. सणाच्या जेवणात वाढले जाण्यात कमीपणा नाही. पण खुशालने मला बदाम चारले, उकडलेली अंडी चारली. मित्रांनो, कोंबड्याला अंडी! मला वाटले, भक्तीचा हा काही नवा प्रकार असेल. मग एका रविवारी उपासना संपताच तोच पांढरा सदरा, काखेत शास्त्र म्हणजे आमचा धर्मग्रंथ आणि पिशवीत मी, अशी आमची स्वारी मोटारसायकलवरून जंगलात निघाली. तिथे कोंबडबाजार भरला होता. कोंबड्यांच्या पायाला धारदार काती बांधतात, ते एकमेकांना फाडतात आणि माणसे त्यावर पैजा लावतात. खुशालने माझ्या जांभळ्या दोऱ्यावरच काती बांधली. दोरा आधी सोडावा एवढीही लाज त्याला वाटली नाही.

माझी झुंज लागण्याआधीच पोलीस आले. पळापळ झाली. खुशालचा गुडघा दुखरा, तो माझ्याशेजारीच राहिला.

"हा कोंबडा कोणाचा?" हवालदाराने विचारले.

"मले नाई मालूम, साहेब."

"तुझ्या पायापाशी तं बसून राह्यला."

"बसला असंल. माहा नाई. मी तं प्रार्थनेहून घरी चाललो. हे पाहा शास्त्र."

"घरी? जंगलातून?"

"देवाशपथ, साहेब! या कोंबड्याले मी ओळखत बी नाई!"

मी आरवलो. राहवलेच नाही.

तो जुना शिष्य बाहेर जाऊन ढसाढसा रडला होता. हवालदाराने शास्त्राकडे पाहून खुशालला सोडले, तेव्हा खुशालने बाहेर जाऊन मोटारसायकलला किक मारली.

माझी काती काढून पोलिसांनी मला जीपमधून गावात आणले. प्रार्थनाघरासमोर मंडळी संध्याकाळच्या प्रार्थनेआधी गप्पा मारत उभी होती, आणि त्यांच्यात खुशालही येऊन मिसळला होता. "कोणाचा हा?" हवालदाराने विचारले. खुशालची ती बोली सर्वांनी ऐकली होती. पण सगळे आपापल्या चपलांकडे पाहू लागले. इतक्या भक्तिभावाने त्यांना प्रार्थनेतही मान खाली घालताना मी पाहिले नव्हते.

मग ठमाबाई पुढे आली. "माह्या घरचा हाय. हा दोरा मीनंच बांधला."

"मंग आजी, झुंजीले तूच पाठवला काय?"

"झुंजीचं मले नाई मालूम, बाबा. मी देवाले देल्ला होता. मधात कोनं घेतला, त्यानंच सांगावं. मी नाव घेत नाई."

"मंग ठाण्यात चल. गुन्हा तुह्यावर लागंल."

"चला."

ती मला मांडीवर घेऊन जीपमध्ये बसली. माझ्यावरची पकड तिने सोडली नाही. जीप वळणावर पोचली तेव्हा मागून हॉर्न वाजला. खुशाल आला होता. पांढरा सदरा घामाने पाठीला चिकटलेला, काखेत शास्त्र नव्हते.

"साहेब, बाईले उतरवा. कोंबडा माहा हाय." आणि लगेच हळूच, "पेपरात नाव तं नाई ना येनार?"

पवित्रतेचा तेवढाच घोट त्याच्या घशाखाली उतरला.

गुन्हा खुशालवर लागला आणि मी ठमाबाईकडेच राहिलो. त्यानंतर ती मला दर सणाला वाहते. माझ्यावर आता कोणी बोली लावत नाही, म्हणून मी तिच्याच अंगणात परत येतो. दोरा विटला की ती नवा बांधते. मित्रांनो, देवासाठी काही वेगळे काढाल तर ते नीट जपा. तुम्ही स्वतःही कोणीतरी वेगळे काढून ठेवलेले आहात. सदरा पांढरा असून भागत नाही, सदरा तर बगळाही घालतो.

खुशाल रविवारी या अंगणावरूनच जातो. हल्ली तो दुसऱ्या बाकावर बसतो म्हणतात. मी आरवत नाही, नुसता बघतो. त्याला तेवढे पुरते.